मानेची जखम भरत नाही, छातीचा फ्लॅप सुचवलाय

प्रश्न: वडिलांना स्वरयंत्राचा कॅन्सर. रेडिएशननंतर आजार उलटला म्हणून स्वरयंत्र काढलं. आता मानेच्या टाक्यांतून लाळ झिरपते, जखम उघडी पडलीय. डॉक्टर छातीचा स्नायू वळवून तिथे बसवू म्हणतात. पुन्हा टाके घालून भागणार नाही का? छाती कापायची म्हटल्यापासून आईला झोप नाही.

प्रतिसाद (प्लास्टिक सर्जन): ताई, नुसते टाके बहुतेक पुन्हा उसवतील. रेडिएशनने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसत जातात. कातडी वरून धड दिसते, पण टाके धरतील इतकं रक्त तिला मिळत नाही. त्यात लाळ. आणि मला सगळ्यात धास्ती असते ती जखमेच्या तळाशी असलेल्या कॅरोटिड धमनीची. मेंदूकडे जाणारी ही धमनी उघडी पडून लाळेत भिजत राहिली तर फुटू शकते. म्हणून अशा जखमेत वाट बघत बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा स्नायू सहसा रेडिएशनच्या टापूबाहेर असतो. त्याची मुख्य धमनी कॉलरबोनखालून येते. ती न तोडता स्नायू, गरज असेल तर वरच्या कातडीसकट, मानेत वळवतात, यालाच फ्लॅप म्हणतात. ग्राफ्टला, म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटा काढून लावलेल्या कातडीच्या तुकड्याला, जिथे लावाल तिथल्याच रक्तावर जगावं लागतं. फ्लॅप स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि अवघड मानेसाठी मी आजही तिच्यावर भरवसा ठेवतो. मांडीचा किंवा हाताचा फ्री फ्लॅपही असतो, म्हणजे तुकडा पूर्ण सुटा करून त्याच्या रक्तवाहिन्या मानेत नव्याने जोडतात, पण त्यात मानेतल्या रक्तवाहिन्या जोडणीलायक असाव्या लागतात.

थायरॉइडची तपासणी झालीय का, तेवढं विचारा. रेडिएशननंतर ही ग्रंथी मंदावू शकते आणि मग जखम रेंगाळते.

प्रश्नकर्ती: थायरॉइडचं कुणी बोललंच नव्हतं, आज विचारते. ऑपरेशननंतर आम्ही काय बघायचं?

प्रतिसाद (वॉर्डातली नर्स): फ्लॅपची कातडी दिसत असेल तर तिचा रंग. पांढरी पडली तर रक्त पोचत नाहीये, जांभळी झाली तर परत जात नाहीये. दोन्हीत लगेच हाक मारा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. गळ्यातल्या नळीची पट्टी फ्लॅपवर आवळलेली नको. तंबाखू पूर्ण बंद. डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने पाण्याचा घोटही नाही, सगळं नाकातल्या नळीनेच. कॉलरबोनवर फुगवटा दिसेल, तो पुढे ओसरतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा. खांद्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करा, पण टाळू नका.