सोमवारी चाकण-होसूर पहिली खेप, एकट्यानं. दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत

सांगोला_दहाचाकी

नमस्कार मंडळी. वय २४, गाव सांगोला तालुक्यात. घरचा ट्रॅक्टर हाताखालचा, आणि डाळिंबाच्या दोन हंगामांत पिकअप घेऊन वाशी मार्केटला जात होतो. मार्चमध्ये हेवी लायसन निघालं. आता चाकणच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये लागलोय. बारा दिवस एका जुन्या ड्रायव्हरबरोबर दहाचाकीवर बसवलं. त्यात गाडी माझ्या हातात आली ती चाकण-तळेगाव आणि एकदा रांजणगावपर्यंत, तेवढीच. सोमवारी पार्ट भरून एकट्याला होसूरला जायचंय, बंगळूरच्या पुढे तामिळनाडूत. क्लीनर नाही, सध्या कोणालाच देत नाहीत म्हणे.

विचारायचं ते असं. ऑफिसात ओरिजिनल लायसन जमा कर म्हणतात, शिवाय एका कोऱ्या कागदावर सही मागितली, "सगळ्यांचीच घेतो" म्हणाले. दुसरं, भरलेली गाडी मी घाटात उतरवलेलीच नाही. जुने ड्रायव्हर काका म्हणाले उतार लागला की न्यूट्रल टाक, डिझेल वाचतं, ॲव्हरेज चांगला आला की महिन्याला बक्षीस आहे. आणि तिसरं, सुपरवायझर म्हणतो मंगळवारी रात्री गेटवर लागायला पाहिजे. सोमवारी दुपारी भरून निघणार. एकट्यानं हे कसं जमतं?

आई म्हणते डाळिंब वाळली तरी चालतील पण डोळ्यांसमोर राहा. तिला मी शब्द दिलाय की सहा महिने बघतो. शिकायची तयारी आहे, कष्टाला भीत नाही. सांगा.

चौदाटायर_आष्टी

बाळा, आधी न्यूट्रलचं. बाकी सगळं नंतर.

मी ९८ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो आणि चार वर्षांनी स्टेअरिंगला बसलो. माझ्या उस्तादानंही मला न्यूट्रलच शिकवलं होतं. चांगला माणूस होता, मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, पण ही एक गोष्ट त्यानं चुकीची शिकवली. २०११ च्या पावसाळ्यात हुबळीहून भरून येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तुला माहीत असेल, रोज पेपरात येतो. बोगद्यातून बाहेर पडलो आणि सवयीनं न्यूट्रल टाकलं. पहिले दोन मिनिटं गाडी मऊ चालते, बरं वाटतं. मग ब्रेकवर पाय ठेवत गेलो, ठेवत गेलो. नऱ्ह्याच्या अलीकडे लायनर जळाल्याचा वास आला. पाय दाबला तर पेडल लागतंय, हवा आहे, पण गाडी धरत नाही. गिअर टाकायला गेलो तर त्या वेगात गिअर बसेना, नुसता किरकिर आवाज. डाव्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता, त्यात गाडी घातली. पुढचा ॲक्सल गेला, माझ्या दोन बरगड्या गेल्या. पुढे शंभर पावलांवर सिग्नलला शाळेची बस उभी होती. त्या बसच्या मागच्या काचेवरचे स्टिकर मला आजही आठवतात.

त्या उतारावर ट्रक गेल्याच्या बातम्या वाचल्या की मला त्या ड्रायव्हरचा रागही येत नाही, कारण त्याला कुणीतरी माझ्यासारखंच शिकवलेलं असतं.

आता कारण नीट समजून घे, म्हणजे कुणी हसलं तरी तू बदलणार नाहीस. ब्रेक म्हणजे लायनर आणि ड्रमचं घर्षण. सतत दाबून ठेवलास की ड्रम तापतो आणि तापलेला लायनर पकडच सोडतो. हवा पूर्ण असली तरी. म्हणून भरलेली गाडी उतारावर गिअरनं धरायची आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) लावायचा. ब्रेक फक्त अधूनमधून, एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. गिअर उताराच्या आधी खाली घ्यायचा. उतारात शिरल्यावर घेऊ म्हणशील तर माझ्यासारखं होईल. गाडी नवी असेल तर सुरुवातीला एका गिअरनं जास्तच खाली राहा, मागच्यांना हॉर्न वाजवू दे.

आणि डिझेलचं म्हणशील तर तेही खोटं आहे. जुन्या पंपाच्या गाड्यांचं सोड, आताच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये पाय सोडून उतरलास की इंजिनला डिझेल जातच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावं लागतं. म्हणजे बक्षीस पाहिजे तरी गिअरमध्येच उतर. हे तुझ्या काकांना आदरानं सांग, भांडू नको.

तुझ्या वाटेवर जाताना खंबाटकी चढून सुरूरच्या बाजूला उतरायचंय, पहिला खरा उतार तोच. मग निपाणीचा तवंदी घाट, पुढे बेळगावच्या अलीकडे वंटमुरी. येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या उतारावर एस वळण लागतं, तिथे बोगद्याच्या आतच वेग कमी करून ठेव. आणि शेवटी नवले. तू दमलेला असशील, घर जवळ आलेलं असेल, म्हणून तोच उतार सगळ्यांत वाईट. बोगद्याच्या आधी थांब, चहा घे, तोंड धू, मग उतर.

सकाळचं काम: एअर टँकचे कॉक उघडून पाणी काढायचं, मग हवा पूर्ण भरेपर्यंत गाडी हलवायची नाही. टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) प्रत्येक टायरवर ठोकून आवाज ऐकायचा, मागच्या जोडीत आतला टायर बसला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, आवाजाला कळतो. नटांवर हात फिरव. कुठल्या नटाभोवती गंजाची रेघ दिसली तर तो ढिला आहे. युरियाची (धूर साफ करणाऱ्या द्रावणाची) टाकी बघ, बीएस-६ गाडीत युरिया संपला की गाडी ताकद सोडते आणि ते नेमकं चढावर होतं. माल भरल्यावर रस्सा-ताडपत्री बांधलीस तरी पहिल्या पन्नास किलोमीटरवर उतरून पुन्हा ओढ. माल बसतो आणि रस्सा ढिला पडतो. क्लीनर नाही ना, मग रिव्हर्स घेताना प्रत्येक वेळी खाली उतरून मागं बघून यायचं. दहा वेळा उतरावं लागलं तरी उतर. यार्डात माणसं मागून चालतात.

चाकण_अड्डा

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चौदा वर्षं गाड्या लावतोय, म्हणजे तुम्हाला "मंगळवारी रात्री लागायला पाहिजे" म्हणणारा माणूस मीच समजा. म्हणून त्याबद्दल नीट सांगतो.

ई-वे बिलाची (माल रस्त्यानं न्यायच्या जीएसटीच्या कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. होसूर नऊशेच्या आत आहे, म्हणजे पाच दिवस मिळतात. गाडी रस्त्यात बिघडली तरी मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास वाढवून घेता येते. कागदाच्या बाजूनं घाई कुठेच नाही. घाई असते ती आमच्या आणि पार्टीच्या बोलण्यात. मी स्वतः कित्येक पोरांना "कसंही कर पण लाव" म्हटलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मुलगा चित्रदुर्गच्या पुढे पहाटे चार वाजता उभ्या ट्रेलरला मागून धडकला. वाचला, पण डावा पाय गेला. त्या रात्री अकराला मीच त्याला फोन करून कुठे पोचला विचारलं होतं. तेव्हापासून रात्री दहानंतर मी ड्रायव्हरला फोन करत नाही, आणि बारा ते पाच गाडी उभी राहील असंच पार्टीला वेळ सांगतो. पार्टी सुरुवातीला कुरकुर करते, मग ऐकते.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहून ठेवलं होतं. लांबच्या रस्त्याला दहा तासांपर्यंत सूट. हे आकडे ध्यानात ठेव. सोमवारी दुपारी निघालास तर रात्री कोल्हापूर-कागलच्या आसपास थांब, मंगळवारी दावणगिरी-चित्रदुर्ग, बुधवारी दुपारी होसूर. सुपरवायझरला निघण्याआधीच, शांतपणे, वेळेसकट सांग: "बुधवारी दुपारी लागतो." आधी सांगितलेला उशीर हा उशीर धरला जात नाही. बंगळूरमध्ये सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाडी आत घालू नकोस, तुमकूर रोडवरून नाइस रोडनं होसूर रोडला निघ, पुढे अत्तिबेलेला तामिळनाडूची हद्द.

लायसनचं: ओरिजिनल देऊ नकोस. झेरॉक्स दे. रस्त्यात लायसन तुला दाखवायचं असतं, आणि ते जमा करून घ्यायचा अधिकार पोलिस-आरटीओचा, तोही पावती देऊन. डिजीलॉकरमध्ये टाकून ठेव, ते चालतं, पण म्हणून मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात कशाला? पोरगं सोडून जाऊ नये म्हणून ठेवतात, दुसरं कारण नाही. आणि कोऱ्या कागदावर सही कुणालाही नाही. "माझ्या भावाला वाचून दाखवतो, मग करतो" एवढंच म्हण. सगळ्यांचीच घेतात ते मी बघितलंय. पुढे त्यावर उचल लिहिलेली पण बघितली आहे.

भरताना बिल्टीवरचे (मालाच्या पावतीवरचे) नग स्वतः मोज. सील लावतात तो नंबर बिल्टीवर आहे का बघ आणि फोटो काढ. ई-वे बिलात तुझ्याच गाडीचा नंबर टाकलाय का बघ, बदली गाडी लावली की हे हमखास राहून जातं आणि चेकिंगला अडकतो तो ड्रायव्हर. निघताना गाडी वजनकाट्यावर घाल. दहाचाकीचं मालासकट २८ टनांच्या आसपास, नेमका आकडा आरसीवर असतो. जादा निघालं तर परत आत घे. दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवून घेतात. शिवाय उतारावर आष्टीकरांनी सांगितलेलं सगळं जास्त वजनाला दुप्पट लागू आहे. खाली करताना डॅमेज-शॉर्टेजचा शेरा पोच पावतीवर काय लिहिला तो वाचूनच गेट सोड आणि पोचेचा फोटो त्याच मिनिटाला ऑफिसला पाठव. नाहीतर महिनाअखेरीला पगारातून कापल्यावर तुझ्याकडे दाखवायला काही नसतं.

पगारपत्रक मिळतं का, पीएफ कापतात का, हे पहिल्या महिन्यातच विचार. वीस किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर पीएफ लागतो.

कराडची_वहिनी

भाऊ, मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची बायको आहे. आमचे हे सोळा वर्षं कोल्हापूर-सुरत गाडीवर आहेत. तुमच्या आईंचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्याकडे एक ठरलेलं आहे. हे गाडी चालवताना आम्ही फोन करायचा नाही, काहीही झालं तरी. गाडी उभी केली की ते करतात, आणि पहिलं वाक्य "थांबलोय" हेच. सुरुवातीला माझ्या सासूबाईंना हे जमत नसे, सारखा फोन लावायच्या. मग त्यांना यांनी वहीत टोलनाके लिहून दिले, आनेवाडी, तासवडे, किणी असे, आणि प्रत्येक ठिकाणाहून किती वाजता फोन येईल ते. त्या वहीकडे बघत बसायच्या, पण फोन लावत नसत. तुम्ही पण आईंना असं लिहून द्या. वाट बघणाऱ्याला काहीतरी हातात पाहिजे असतं.

बँकेत जाऊन वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला वीस रुपये, अपघातात माणूस गेला तर दोन लाख. नॉमिनी आईंना करा. बोलायला वाईट वाटतं, तरी काढा.

आणि एक, देव करो वेळ न येवो, पण काही झालंच तर पळायचं नाही. लोक मारतील अशी भीती असते, यांनाही एकदा आली होती, मोटरसायकलवाला घसरून यांच्या चाकाजवळ पडला. हे उतरून सरळ जवळच्या ढाब्यात गेले, तिथूनच १०८ ला आणि ११२ ला फोन केला, मग स्वतः चौकीत गेले. कायद्यात तेच सांगितलंय, जखमीला मदत आणि चोवीस तासांत पोलिसांना खबर. तो मुलगा वाचला, दिवाळीला घरी येऊन गेला.

जेवणाचं: रात्री भाकरी-पिठलं, भात कमी. भातानं झोप येते. घरून शेंगदाण्याची चटणी न्या, आठ दिवस टिकते.

सांगोला_दहाचाकी

दादा, काका, वहिनी, शुक्रवारी रात्री परत आलो. चाकणला गाडी लावून लिहितोय.

लायसन दिलं नाही. सही पण केली नाही. सुपरवायझर दोन मिनिटं काही बोलला नाही, मग झेरॉक्स घेतली. बुधवारी दुपारी लागतो म्हणालो तर म्हणाला, "बघू." बुधवारी दीडला गेटवर होतो, आणि आतमध्ये नंबर गुरुवारी सकाळी लागला. म्हणजे मंगळवारी रात्री पोचून काहीच मिळणार नव्हतं.

खंबाटकी उतरताना तिसऱ्या गिअरला होतो, मागून खूप हॉर्न वाजले. हात थरथरत होते पण खाली पोचल्यावर उतरून ड्रमजवळ हात नेला, जेमतेम कोमट. काट्यावर दीड टन जादा निघालं होतं. परत आत गेलो, दोन पॅलेट उतरवले, त्यात तीन तास गेले. तवंदीच्या आधी रस्सा ढिला सापडला, पुन्हा ओढला.

येताना नवलेच्या आधी बोगद्याच्या अलीकडे थांबलो. चहा घेतला, तोंड धुतलं. माझ्यामागून आलेला एक टँकर न थांबता गेला, मी त्याच्या लाल दिव्यांकडे बघत राहिलो. मग चौथ्यात टाकून सावकाश उतरलो. नऱ्ह्याजवळ डावीकडे बघितलं काका, मुरमाचा ढीग आता तिथे नाही.

आईला टोलनाक्यांची यादी फोनवर लिहायला लावली होती. कोगनोळी टोलनाक्याचा फोन मी झोपेत विसरलो, तर सकाळी म्हणाली, "कोगनोळी राहिलं बघ." रविवारी पुन्हा भरायचंय, या वेळीही होसूरच. न्यूट्रलवाले काका पण त्याच दिवशी निघणार आहेत, मागेपुढे जाऊ म्हणालेत. खंबाटकीच्या आधी चहाला थांबलो की त्यांना डिझेलचं सांगून बघतो.