मॉरिस मायनरचे आधीचे मालक कसे शोधावेत? (पुणे, नंबर बी.एम.झेड. मालिकेतला)

कोथरूड_मायनर विचारतात:

मंडळी, नमस्कार. चार दारांची मॉरिस मायनर आहे, पुढची काच दोन तुकड्यांची. आर.सी. पुस्तक डुप्लिकेट. त्यात उत्पादन वर्ष १९५३ आणि एकाच मालकाचं नाव, पत्ता सदाशिव पेठेतल्या वाड्याचा. टी.सी. (कर भरल्याच्या नोंदींचं) पुस्तक नाही. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ‘एफ ए एच ५२’, मग तिरकी रेघ आणि पुढे आकडे. शेवटचे दोन रंगाखाली गेलेत. आर.सी.त इंजिन नंबर ‘ए पी एच एम’ने सुरू होतो, पण ब्लॉकवर पट्टीच नाही, रिव्हेटची दोन भोकं तेवढी आहेत. पुढची जाळी आडव्या पट्ट्यांची. गाडी मूळची कुठली आणि कुणाकुणाकडे होती हे शोधायला सुरुवात कुठून करावी?

पाना_क्रमांक_दहा:

आधी गाडी वाचा, कागद नंतर. आर.सी.वरचं वर्ष पुष्कळदा नोंदणीचं असतं, बांधणीचं नाही.

पट्टीचा अर्थ असा: एफ म्हणजे मॉरिस मायनर, ए म्हणजे चार दारं. तिसरं अक्षर रंगाचं, आणि एच म्हणजे सीकेडी (सुट्या भागांत पाठवून दुसऱ्या देशात जोडायच्या गाडीचं) फिनिश. कारखान्यातून रंग ठरून आलेलाच नाही. पहिला आकडा ५ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, सुट्या भागांत पाठवलेली गाडी. २ असता तर तयार गाडी निर्यात झालेली, १ असता तर इंग्लंडमधल्याच बाजारातली. शेवटचा आकडा रंगाच्या जातीचा. आपल्याकडे मायनर हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने विकली, त्यामुळे तुमच्या गाडीचा उगम त्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे. बॉनेटच्या आतून हात फिरवून बुजवलेली बिल्ल्याची भोकं लागतात का पाहा.

झाकलेल्या आकड्यांना पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश मुळीच लावू नका. पट्टीवरची अक्षरं उथळ असतात, एकदा घासली की गेली. कानात घालायच्या कापसाच्या काडीला थोडं थिनर लावा, दोन-तीन सेकंद टेकवा, टिपून घ्या, पुन्हा करा. आकड्याची कड दिसली की थांबा. मग टॉर्च जवळजवळ पट्टीला समांतर धरून फोटो काढा आणि पातळ कागदावर ४बी पेन्सिलने छाप घ्या. ३ आणि ८ यांचा घोळ फोटोत सुटत नाही, छापेत सुटतो.

आता जाळी. आडव्या पट्ट्यांची जाळी ऑक्टोबर १९५४ पासून आली आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डच्या मधोमध मोठा स्पीडोमीटर. तुमचा स्पीडोमीटर ड्रायव्हरसमोर असेल तर गाडी आधीची आहे आणि नाक नंतर बदललंय. मायनरचे पुढचे मडगार्ड आणि पॅनल बोल्टने बसतात, त्यामुळे ठोकर लागली की लोक मिळेल ते बसवत. स्पीडोमीटर मधोमध असेल तर मात्र १९५३ हे वर्षच संशयास्पद.

ल्युकासचा डायनॅमो, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर महिना-वर्ष ठोकलेलं असतं. तिन्ही एकमेकांच्या दोन-चार महिन्यांत असतील तर ते गाडीबरोबरचेच. एकच तारीख पुढची असेल तर तो भाग बदललेला. त्यावरून गाडीचं वय काढू नका.

इंजिनाची पट्टी उजव्या बाजूला, डायनॅमोच्या वर असते. ती नाही म्हणजे ब्लॉक बदलला असेल किंवा रिबोअरच्या (सिलिंडर कोरून मोठे करण्याच्या) वेळी पट्टी हरवली असेल. यातलं कुठलं ते मोजून कळतं. ८०३ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७.९ मि.मी., नंतरच्या ९४८ सीसीचा ६२.९. स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्हींचा ७६.२ आहे, म्हणून प्लगच्या भोकातून सळई घालून काही हाती लागणार नाही. हेड उतरवावंच लागेल. रिबोअरने मिलिमीटरभर वाढला तरी दोन्हींत गल्लत होत नाही.

इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिसच्या उत्पादन नोंदी आहेत, तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. सीकेडी गाडीच्या बाबतीत फार आशा धरू नका: बांधणीची किंवा पाठवणीची तारीख आणि देश, बहुधा इतकंच. पण ती एक तारीख आर.सी.वरच्या वर्षापेक्षा कितीतरी भरवशाची. अर्ज करण्याआधी पट्टीचा पूर्ण नंबर पक्का करा.

संगमपूल_चकरा:

कागदांचं सांगतो. बी.एम.ने सुरू होणारा नंबर म्हणजे पहिली नोंदणी मुंबईची. राज्यातल्या राज्यात गाडी हलली तर नंबर तोच राहतो, म्हणून ती पुण्यात कितीही वर्षं असली तरी मूळ रजिस्टर मुंबईचं. आधी संगम पुलाजवळच्या आपल्या आर.टी.ओ.त बी एक्स्ट्रॅक्ट (गाडीच्या नोंदीचा उतारा) मागा आणि त्यात मुंबईहून आलेल्या एन.ओ.सी.चा क्रमांक-तारीख आहे का ते बघा. ती मिळाली की तेवढा धागा धरून ताडदेवच्या कार्यालयात जा. नुसता गाडी नंबर घेऊन गेलात तर संगणकात बॅकलॉग एंट्रीच (जुन्या कागदांवरून नंतर चढवलेली नोंद) दिसेल, आणि तिच्यात फक्त चालू मालक असतो. तुम्हाला हवंय ते हाताने लिहिलेलं रजिस्टर.

अर्ज नोंदणीकृत मालकानेच करावा. गाडी अजून तुमच्या नावावर नसेल तर आधी ते काम उरका, नाहीतर पहिल्याच खिडकीवरून परत याल.

माहिती अधिकारात ‘आधीच्या मालकांची नावं द्या’ असं लिहिलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी विचारा: या मालिकेचं नोंदणी रजिस्टर उपलब्ध आहे का, कुठे ठेवलंय, नष्ट केलं असेल तर कोणत्या आदेशाने आणि कधी. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा पाल्हाळ नको. रजिस्टर आहे असं लेखी उत्तर आलं की मालक म्हणून उताऱ्याचा अर्ज करायचा.

आणखी एक. कार्यालयातला मालकांचा आकडा हा किमान आकडा समजा. सही केलेले कोरे टी.टी. (मालकी बदलाचे) फॉर्म घेऊन गाड्या दोन-तीन हातांतून फिरत, आणि मधल्या माणसाचं नाव कुठेच चढत नसे. दोन नोंदींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर दिसलं तर मध्ये कुणीतरी आहे असं धरून चाला. जुना इन्शुरन्स किंवा सर्व्हिसिंगचं बिल सापडलं तर तिथेच नाव लागतं.

पेठेतला_नकाशा:

सदाशिव पेठेचा पत्ता सोन्यासारखा आहे. जुना घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळे असतात; आधी दोन्हींचा मेळ घाला. मग नगर भूमापन कार्यालयातून त्या मिळकतीचं मालमत्ता पत्रक काढा. त्यात फेरफाराच्या तारखांसह मालक आणि वारस ओळीने मिळतात. वाड्याच्या जागी इमारत झाली असली तरी साखळी तुटत नाही. अडचण एकच: गाडीवाला बिऱ्हाडकरू असेल तर पत्रकात त्याचं नाव येणारच नाही. तेव्हा त्या प्रभागाची जुनी मतदार यादी आणि जुनी टेलिफोन डिरेक्टरी. त्या काळी ज्याच्याकडे मोटार, त्याच्याकडे फोन असण्याचा संभव बराच.

आर.सी. डुप्लिकेट का काढली, तेही तपासा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून घरंच्या घरं कागदांसकट गेली. डुप्लिकेटची तारीख त्यानंतर लगेचची असेल तर सिल्सच्या (दारांखालच्या पोकळ पत्र्यांच्या) आतल्या पोकळीत आणि सीटखालच्या क्रॉस मेंबरमध्ये (आडव्या तुळईत) बारीक गाळाचा थर आहे का पाहा. नुसत्या गंजावरून निष्कर्ष नको. मायनरचे सिल्स आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर पूर न बघताही कुजतात. पिठासारखा, वाळल्यावर पापुद्रे सुटणारा गाळ असेल तरच ती खूण धरा.

जाळीवर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा बिल्ला असला तर त्यावरचा आकडा सभासदाचा असतो, गाडीचा नाही, आणि बिल्ले एका गाडीवरून दुसरीवर जातात. दुजोरा म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

वारस सापडले तर थेट दारात गाडी उभी करू नका. आधी पत्र पाठवा, सोबत गाडीचा एक फोटो. विचारायचं ते लग्नाचे आणि सहलींचे अल्बम, कारण नंबर प्लेट तिथेच दिसते. आणि नावं इथे धाग्यावर टाकू नका, कुणाच्या घरचा विषय असतो तो.

कोथरूड_मायनर:

सगळ्यांचे आभार. स्पीडोमीटर ड्रायव्हरसमोरच आहे, म्हणजे नाक बदललेलं. एक विचारायचं राहिलं: व्हिंटेजचा नवीन ‘व्ही ए’ नंबर घेतला तर जुन्या नंबराचं काय?

संगमपूल_चकरा:

घेऊ नका, गरजच नाही. २०२१च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज मानलंय, पण आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. ‘व्ही ए’ मालिका नव्याने नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्या शोधाचा सगळा आधार तो बी.एम.झेड. नंबरच आहे.

मात्र कुठल्याही अर्जाआधी इंजिनाचा प्रश्न मिटवा. बोअर ६२.९ निघाला तर आर.सी.वरचा ‘ए पी एच एम’ (म्हणजे ८०३ सीसीचा) नंबर या ब्लॉकचा नाही, आणि तपासणीत गाडी तिथेच अडकते. नवीन पट्टी ठोकून जुना नंबर कोरण्याच्या भानगडीत पडू नका. ब्लॉक ज्याच्याकडून आला त्याचं बिल शोधा, नसेल तर प्रतिज्ञापत्र करा आणि इंजिन बदलाची नोंद रीतसर चढवून घ्या. जुना इंजिन नंबर आर.सी.च्या झेरॉक्सवर जपून ठेवा, मुंबईच्या रजिस्टरशी ताळा त्याच्यावरूनच लागेल.