१९८१ चा हर्न्स विरुद्ध २०२३ चा क्रॉफर्ड: १४७ पौंडांत कोण जिंकेल?

गिरगावकर:
लास व्हेगसमध्ये शनिवारची रात्र आणि आपल्याकडे मुंबईत रविवारची सकाळ, अशा वेळी ३० जुलै २०२३ रोजी मुष्टियोद्धा टेरेन्स क्रॉफर्डने एरल स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या राउंडमध्ये लढत संपवल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. हाच क्रॉफर्ड त्याच १४७ पौंडांच्या, म्हणजे वेल्टरवेट, वजनगटात १९८१ च्या थॉमस हर्न्ससमोर उभा राहिला असता, तर काय झाले असते? माझा कल क्रॉफर्डकडे आहे, कारण तो डाव्या-उजव्या दोन्ही पवित्र्यांतून सारख्याच सफाईने लढतो आणि प्रतिस्पर्धी पुरता उमजेपर्यंत घाई करत नाही. आपणांस काय वाटते?

लालबागकर:
लढत बारा राउंडची की पंधरा, हे आधी ठरवावे लागेल. १६ सप्टेंबर १९८१ रोजी शुगर रे लेनर्डविरुद्ध तेरा राउंड संपले, तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणांत हर्न्सच पुढे होता. चौदाव्यात रिंगमधील पंचाने लढत थांबवली म्हणून लेनर्ड जिंकला. आजचा बारा राउंडचा नियम तेव्हा असता, तर तो विजेतेपदाचा पट्टा हर्न्सकडे गेला असता आणि आपण लेनर्डविषयी आज निराळ्याच सुरात बोलत असतो. शिवाय त्या काळी वजन लढतीच्याच दिवशी होत असे. आजचे खेळाडू आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभरात कित्येक पौंड भरून काढतात. ही सवलत ६ फूट १ इंचाच्या हर्न्सला मिळाली असती, तर तो रिंगमध्ये केवढा उतरला असता, याचा विचार करावा.

पार्लेकर:
नियमांचा मुद्दा मान्य आहे, पण या जोडीत पंधराव्या राउंडपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही, असे मला वाटते. स्पेन्स सतत पुढे येत राहिला, म्हणून क्रॉफर्डच्या उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, त्याला नेमका लागत गेला. हर्न्स तसा चालून येत नाही. तो डावा हात कमरेपाशी सैल सोडून तिथूनच जॅब फेकतो आणि त्याचा ७८ इंचांचा पल्ला (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) क्रॉफर्डपेक्षा चार इंचांनी जास्त आहे. डावखुऱ्या पवित्र्याविरुद्ध, म्हणजे उजवा हात पुढे ठेवून लढणाऱ्याविरुद्ध, सरळ उजवा ठोसा हे जुने, खात्रीचे अस्त्र आहे, आणि हर्न्सचा उजवा ठोसा कसा होता, हे पिपिनो क्वेवासला विचारावे. अकरा वेळा पट्टा राखलेला तो विजेता १९८० मध्ये डेट्रॉइटला दुसऱ्याच राउंडमध्ये संपला. क्रॉफर्डची सावध, अभ्यासू सुरुवात इथे त्याच्याच अंगाशी येईल.

माटुंगेकर:
शुगर रे रॉबिन्सनचे नाव अजून कसे निघाले नाही? १९४६ पासून १९५१ मध्ये त्याहून वजनदार मिडलवेट गटाचा पट्टा घेईपर्यंत वेल्टरवेटवर त्याचेच राज्य होते. अडचण एवढीच की त्या वर्षांतील त्याच्या लढतींचे चित्रण फारच थोडे उरले आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा ऐकीव गोष्टींवर बोलतो. मी मात्र तरीही बोलणार.

गिरगावकर:
पार्लेकर, उजव्या ठोशाचा आपला मुद्दा बिनतोड आहे. पण क्रॉफर्डला डावखुरेच राहण्याची सक्ती कोणी केली? पहिले चार-पाच राउंड त्याने उजव्या पवित्र्यात, अंतर राखून काढले आणि हर्न्सच्या बरगड्यांवर मारा चालू ठेवला, तर उत्तरार्धात ते लांब, बारीक पाय जड होतील. तेराव्या राउंडमध्ये लेनर्डसमोर ते झालेच होते. त्यामुळे लालबागकरांच्या अटीवर, म्हणजे पंधरा राउंड आणि त्याच दिवशी वजन, मी अजूनही क्रॉफर्डच्याच बाजूने आहे. बारा राउंडच्या लढतीत मात्र माझे मत हर्न्सला.