गरम गाडी सुरू होत नाही: आधी हे बघा
सकाळी पहिल्या सेल्फला उठणारी तुमची जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी पेट्रोल भरून निघताना नुसती घरघरते, म्हणून लगेच ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात घालू नका. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, दर वेळी टाकीतल्या पंपाची गुणगुण थांबू द्या. मग झटकन सुरू झाली तर पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय. हे प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून हुंगा. आत पेट्रोल दिसलं की रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (पडदा) फाटलाच समजा. नळी कोरडी असेल तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) खराब किंवा इंजेक्टर गळका.

उलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच उठत असेल तर पेट्रोल जास्त जातंय. कूलंट सेन्सरचा (इंजिनचं तापमान ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा) रोध मोजा: बऱ्याच गाड्यांत ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास मिळतं. गरम इंजिनावर हजारांत आलं तर सेन्सर बाद, इंजिन थंड समजून ईसीयू जास्त पेट्रोल देतोय. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतच नसेल तर मात्र क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. मेकॅनिक तो नेहमी शेवटी का बघतात, देव जाणे.