'फिअर द वॉकिंग डेड'चा चौथा भाग आणि आपापली कुंपणं – अनुभव लिहा

काल या अमेरिकन झोंबी मालिकेचा पहिला सीझन परत लावला. 'नॉट फेड अवे' हा चौथा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये आला तेव्हा "यात झोंबी कुठायत राव" म्हणून मी अर्ध्यात बंद केलेला. लॉस एंजेलिसमधल्या एका साध्या वस्तीला लष्कराने जाळी ठोकलीय, नऊ दिवस झालेत, लोक आणि लष्कर यांच्यात मध्यस्थी करणारा ट्रॅव्हिस जॉगिंग करतोय आणि लेफ्टनंट मॉयर्स निवांत गोल्फचे बॉल मारतोय, एवढंच. २०२० च्या कोरोनानंतर बघितलं तर पोटात गोळाच आला. तुमच्याकडे पत्रे ठोकले तेव्हा काय झालं ते लिहा, स्पॉयलर चालतील.

पेठेतली
आजारी ग्रिसेल्डाला ट्रकमधून नेतात आणि तिच्या नवऱ्याला, डॅनियलला, चढूच देत नाहीत, तिथे मी टीव्ही बंद केला. आमच्या गल्लीला बांबू-पत्रे होते, बाबा पॉझिटिव्ह आले, अँब्युलन्सवाला पोरगा हातात यादी घेऊन म्हणाला फक्त पेशंट, आणि मी तर चप्पल घालून, पिशवी भरून तयार. चार्जर माझ्याच हातात राहिला, मग तीन दिवस फोन नाही, हॉस्पिटलात उचलणारा रोज वेगळा, रोज नाव परत पहिल्यापासून सांगायचं. अकराव्या दिवशी बाबा आले, ठणठणीत, पण खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी टॉवेल. कुणाचा म्हणून विचारलं तर शेजारच्या बेडवरच्याचा म्हणाले, पुढे काही बोलले नाहीत. टॉवेल अजून आहे, टाकवत नाही.

कंटाळलेला बोका
आम्हाला लष्कर कशाला लागतंय, सेक्रेटरी होते ना! आणि दर मजल्यावर एकेक ट्रॅव्हिस, "मी बोलतो साहेबांशी, तुम्ही शांत रहा." कामवाली मावशी मात्र गेटबाहेरच, पगार अर्धा. ते बोलायला कुणी गेलं नाही, मीपण नाही.

जालनाकर
जरा दुसऱ्या बाजूनं लिहितो. माझा भाऊ एसआरपीत (राज्य राखीव पोलीस), २०२० ला मालेगावात बंदोबस्ताला होता. लोक त्याला घाबरायचे अन् तो लोकांना, शेवटी त्यालाच कोरोना झाला. डॅनियल एल साल्वाडोरची गोष्ट सांगतो ना, बाप म्हणाला माणसं वाईट असतात म्हणून नाही, भितात म्हणून असं वागतात, ते भावाला ऐकवलं. तो म्हणे बरोबरे, पण ज्याला काठी बसली त्याला काय करायचंय आपल्या भीतीचं.

गच्चीवरचा
ट्रॅव्हिसची जोडीदार मॅडिसन जाळी कापून बाहेर जाते तेव्हा तिला दिसतं की मेलेल्यांत आजार नसलेलेही आहेत, सगळे त्याच सीनबद्दल बोलतात. मला ट्रॅव्हिसचा पोरगा ख्रिस आठवतो, लांबच्या बिल्डिंगमधून चमकणारा उजेड टिपणारा. तेव्हा दहावीत होतो, भूगोलाचा पेपर रद्द, मित्राची बिल्डिंग सील, फोन त्याच्या बहिणीकडे क्लाससाठी. म्हणून रात्री साडेनवाला बॅटरी, त्याने तीनदा की मी तीनदा. एका रात्री तिकडून काहीच नाही. आई खालून हाका मारत होती, मी बसलोच. सकाळी कळलं सेल संपले होते आणि दुकानं बंद. पण आता त्या भागाच्या शेवटी ट्रॅव्हिस छपरावर उभा असतो, तिकडे उजेड दिसतो आणि मग गोळीबाराच्या ठिणग्या, तेव्हा मी दर वेळी मित्राला फोन करतो. तो वैतागतो, रात्रीचे दोन वाजलेत म्हणतो.