प्रति: कल्पना चांगली हे ठरवायचं कसं?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलं आहे की नव्या वैद्यकीय उपकरणाची कल्पना चांगली की नाही हे ठरवताना आधी पेटंट आणि बाजारपेठ बघावी. मला हा क्रम पटत नाही. आधी तपासणीचा नमुना बघा, म्हणजे यंत्रात जे घालणार ते, रक्त वगैरे.

थेरॅनॉसचंच घ्या. 2003 साली सुरू झालेल्या या अमेरिकन कंपनीचं म्हणणं होतं, बोटाच्या टोकाच्या काही थेंबांतून शेकडो तपासण्या. पेटंटं होती, संचालक मंडळावर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर होते. पण बोट टोचून दाबलं की रक्तात पेशींभोवतालचा द्रव मिसळतो, काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. ही अडचण कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधल्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी सांगितली असती. शिवाय थेंब एवढासा, की तो अनेक तपासण्यांत वाटायचा तर पातळ करावा लागतो, आणि पातळ केलं की मोजमापातली चूकही वाढते. ग्लुकोमीटरला थेंब पुरतो, कारण तिथे मोजायची गोष्ट एकच.

याउलट स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनु प्रकाश यांच्या गटाचं 2017 चं पेपरफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं कागदी, हाताने चालवायचं यंत्र. आपली दोऱ्यावरची भिंगरीच ती! त्यांनी आधी तिचं गणित मांडलं, मिनिटाला 1,25,000 फेऱ्या मोजून दाखवल्या आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा द्रव, वेगळा केला. दावा छोटा होता, कुणालाही तपासता येण्याजोगा होता.

म्हणून अशा कल्पना निवडणाऱ्या परीक्षक समितीत रोज सुई टोचून लोकांचं रक्त काढणारा एक तरी माणूस हवाच, असं मला फार मनापासून वाटतं.