मदत हवी आहे: होडीतून डॉल्फिनचं शूटिंग, नुसतं पाणीच येतंय

पावशेर:
नमस्कार मंडळी. होडीतून डॉल्फिन शूट करायचे आहेत. मागच्या खेपेला सगळं हललंय, आणि जिथे डॉल्फिन आहे तिथे नेमकं धूसर. कॅमेरा साधाच आहे, नवा घेणार नाही, त्यामुळे 'डीएसएलआर घ्या' वगैरे कृपया नको. सेटिंग काय ठेवायचं तेवढं सांगा. शुक्रवारी निघतोय, जरा लवकर.

ठाणेकर७:
साधा म्हणजे कुठला? मोबाईल, ॲक्शन कॅमेरा की हँडीकॅम? आणि जाताय कुठे, किती वाजता?

बंडू_जुगाडू:
ॲक्शन कॅमेरा असेल तर विसरा, वाइड लेन्समध्ये डॉल्फिन मोहरीएवढा दिसतो. त्यापेक्षा सेल्फी स्टिकला बांधा आणि सरळ पाण्यात बुडवा. खालून भारी येतं.

सुरंगी:
बंडूशेठ, कोकणात खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली हातभर अंतरावरचं दिसत नाही बऱ्याचदा. काय येणार खालून? हिरवा पडदा. शिवाय त्यासाठी डॉल्फिनच्या अंगावर होडी न्यावी लागेल, ते वेगळंच.

अबर्डीनकर:
आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसजवळ चॅनोनरी पॉइंट आहे. भरती सुरू झाली की डॉल्फिन मासे धरायला अगदी किनाऱ्याजवळ येतात. होडी लागतच नाही, वाळूत ट्रायपॉड रोवायचा आणि थर्मास उघडायचा. सुट्टीत या कधी.

पावशेर:
@अबर्डीनकर, शुक्रवारी तारकर्लीला चाललोय हो, स्कॉटलंडला नाही.
@ठाणेकर७, हँडीकॅम आहे, लिहिलं होतं ना.

ठाणेकर७:
नव्हतं लिहिलं. मॉडेल? झूम किती लावला होता?

पावशेर:
सोनी सीएक्स४०५, भावाचा आहे. झूम ३५० पर्यंत जातो. डॉल्फिन लांब असतात, मग पूर्णच लावणार ना!

ठाणेकर७:
मग उत्तर मिळालं. यात लेन्सचा खरा झूम ३० पट आहे. त्याच्या पुढचं सगळं डिजिटल, म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं करणं. मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंदच करून टाका. होडीवर तर ३० सुद्धा जास्त होतो, दहा-बाराच्या आसपास थांबा. कॅमेरा उत्तम आहे, उगाच बदलू नका.

धूसर येतं ते ऑटोफोकसमुळे. राखाडी पाणी, त्यात राखाडी पाठ दोन सेकंद वर येणार, कॅमेऱ्याला धरायला काही सापडतच नाही. तो पुढच्या लाटेवर नाहीतर होडीच्या कठड्यावर फोकस करतो. फोकस मॅन्युअल करा, लांबचं क्षितिज किंवा दुसरी होडी स्पष्ट दिसेल असा लावा आणि मग हात लावू नका. ते जमत नसेल तर सीनमध्ये लँडस्केप निवडा.

छायाचित्रकार_नाना:
ट्रायपॉड हवाच. स्थिर चित्राला पर्याय नाही. तीस वर्षं लग्नं शूट केली आहेत.

सुरंगी:
नाना, लग्नमंडप हलत नाही. होडीत ट्रायपॉडचे पाय फळीवर टेकले की इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात. हातातच धरावा, कोपरं बरगड्यांना टेकवून, गुडघे जरा सैल सोडून. कमरेखालचं शरीर होडीबरोबर डुलू दे, वरचं धड स्थिर. कठड्याला टेकायचं नाही. आणि स्टेडीशॉट (हलणं कमी करणारी सेटिंग) 'ॲक्टिव्ह'वर ठेवा.

छायाचित्रकार_नाना:
मग मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड, पट्ट्याच्या खिशात टेकवून. बघा करून, मग बोला.

मालवणी_खाजा:
मी देवबागचो. ट्रायपॉडाचा ऱ्हवांदे, आधी वेळ बघा. सकाळी सात-साडेसाताक भायर पडा. दुपारी वारो सुटलो की लाटो वाढतत, मगे कॅमेरो आणि तुमी, दोघांतलो एक उलटतलो. होडयेवाल्याक आधीच सांगा, आमका फोटो काढूचे आसत, माघारसून धावू नको. लांब ऱ्हवून इंजिन न्यूट्रलाक टाक.

सुरंगी:
न्यूट्रल कशाला, बंदच करायला सांगा. आवाजही जातो, थरथरही जाते.

मालवणी_खाजा:
ताई, संगमार करली नदीचा पाणी समुद्राक मिळता थंय ओढ आसता. बंद इंजिन परत चालू होयसर होडी खय जायत? पाच मिन्टा बंद ठेवची तर भायर, मोकळ्या पाण्यात.

ठाणेकर७:
खाजाभाऊंच्या वेळेला माझा दुजोरा, अजून एका कारणासाठी. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूला असतो. डॉल्फिन तुमच्या आणि खुल्या समुद्राच्या मधे राहतील अशी होडी ठेवायला सांगा. पश्चिमेकडे तोंड करून शूट केलं की ऊन पाठीवर येतं, पाणी चमकत नाही आणि पाठ काळी ठिक्कर येत नाही. उलट बाजूने केलंत तर चकाकीमुळे एक्स्पोजर कमी होणार आणि डॉल्फिन म्हणजे नुसती सावली.

निळावंती:
सावलीच छान दिसते खरं तर. संध्याकाळचं सोनेरी पाणी, त्यात काळा पंख. आवड आपापली.

बंडू_जुगाडू:
ड्रोन का नाही उडवत? वरून सगळा कळप दिसेल.

ठाणेकर७:
त्यांनी ड्रोन विचारलेला नाही. चिपी विमानतळ जवळ आहे, आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटवरचा नकाशा बघावा लागेल. आणि डुलत्या होडीवर ड्रोन उतरवून दाखवा, मी वडापाव देतो.

पावशेर:
ओके. पण डॉल्फिन दिसला की बटण दाबेपर्यंत तो आत गेलेला असतो, त्याचं काय? आणि उडी का मारत नाहीत? रील्समध्ये तर उंच उडतात.

निळावंती:
आपल्या किनाऱ्याजवळ जे दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले. उथळ पाण्यातले, काहीसे बुजरे, उड्या फार कमी. आधी चोच, मग कुबड, मग कधी शेपूट, एवढंच दिसतं. रील्समधले बऱ्याचदा खोल समुद्रातले स्पिनर जातीचे डॉल्फिन असतात. आपला राष्ट्रीय जलचर आहे हा, त्रास देऊ नका.

सुरंगी:
राष्ट्रीय जलचर गंगेतला, २००९ पासून. हे वेगळे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हेही आहेत, तेव्हा मागे धावणाऱ्या होडीत बसून टाळ्या वाजवू नये हे बरोबरच.

ठाणेकर७:
बटणाचं सोपं आहे: बटण दाबूनच ठेवा. डॉल्फिन श्वासाला थोड्या थोड्या अंतराने काही वेळा वर येतो आणि मग मोठी बुडी मारतो. पहिला दिसला की जिथे दिसला तिथे नाही, तो ज्या दिशेला चालला होता त्याच्या जरा पुढे कॅमेरा धरा, झूम कमी करून. दोन्ही डोळे उघडे. या मॉडेलला व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात स्क्रीन दिसणार नाही. काळ्या पुठ्ठ्याची झापड करून चिकटपट्टीने लावा.

छायाचित्रकार_नाना:
सलग रेकॉर्डिंग म्हणजे तासभर पाणी. नंतर बसणार कोण बघायला?

ठाणेकर७:
जो डॉल्फिन हुकल्यावर हळहळतो तो.

मालवणी_खाजा:
परत इल्यावर कॅमेरो वल्या फडक्यान पुसा, मगे सुक्या. मीठ बसला तर बटणा अडकतत. आणि सकाळी पोटभर खाव नका.

पावशेर:
धन्यवाद. डिजिटल झूम बंद केला, फोकसचं मेन्यूत सापडलं. गच्चीवरून घारींवर करून बघतो.

कांचन_म:
धागा वाचला, छान माहिती. माझ्या मुलीचं स्नेहसंमेलन आहे शनिवारी, त्याला हेच सेटिंग चालेल का?